चिखल दिसता कामा नये

माझ्या धंद्यातल्या लोकांबद्दल मला काडीचाही आदर नाही, आणि हे मी त्या धंद्यात बारा वर्षं घालवल्यावर सांगतेय. झाडं, माती आणि पाणी हवेतून किती कार्बन ओढून घेतात आणि किती परत सोडतात, ते मोजायचं आणि संगणकावर मांडायचं, हे आमचं काम. ऐकायला भारदस्त वाटतं. कोपरला आमच्या सोसायटीत मला सगळे 'पर्यावरणवाली रचना' म्हणतात आणि गच्चीवरची टाकी वाहायला लागली की बायका मलाच फोन करतात.

प्रत्यक्षात आम्ही काय करतो? खाडीकाठी एक लोखंडी मनोरा उभा करतो. त्यावरचं यंत्र सेकंदाला दहा वेळा वारा मोजतं आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजतं. हे यंत्र निम्मा वेळ बंद असतं. कधी पावसामुळे, कधी बॅटरीमुळे, कधी भिंगावर बगळा शिटला म्हणून. मग हाती आलेल्या निम्म्या आकड्यांवरून न आलेले निम्मे आकडे भरून काढायचे. या भरून काढण्याला मॉडेल म्हणतात. मोठमोठ्या परिषदांमध्ये लोक ज्या आलेखांकडे बघून माना डोलावतात, त्यातली निम्मी रेघ माझ्यासारख्या कोणीतरी खुर्चीत बसून ओढलेली असते, आणि माना डोलावणाऱ्यांनाही ते पक्कं ठाऊक असतं.

आमच्या गटाचे प्रमुख विनीत सर. आमचा मनोरा बाळकुमच्या खाजणात आहे, म्हणजे खाडीच्या कडेला बांध घालून अडवलेल्या खाऱ्या पाण्याच्या दलदलीत. कडेने तिवरांचं रान आणि पाठीमागे चोवीस-चोवीस मजल्यांची कॉम्प्लेक्सं, ज्यांची नावं इटलीतल्या गावांची आणि नळाला पाणी टँकरचं. विनीत सर त्या मनोऱ्यापाशी एकदाच गेले, उद्घाटनाला. नारळ फोडला, फोटो काढला, बुटाला चिखल लागला म्हणून परत फिरले ते सहा वर्षं फिरकलेच नाहीत. खाजणातली पाण्याची पातळी सतत नोंदवणारं एक साधं उपकरण मी मागितलं होतं. सरांनी ते यादीतून काढलं आणि त्या पैशात ड्रोन घेतला. ड्रोनमधून खाजण हिरवंगार दिसतं आणि अहवालाच्या मुखपृष्ठावर शोभतं. पाण्याची पातळी मुखपृष्ठावर कोण छापणार?

"खाडीचं भरती-ओहोटीचं कोष्टक सरकारी छापील मिळतं ना," सर म्हणाले. "तेच मॉडेलला दे. उगाच कशाला खर्च?"

मी दिलं. हे इथेच कबूल करते, कारण पुढे मी बरंच काही दुसऱ्यांच्या गळ्यात घालणार आहे.

आता माझं काय पणाला लागलं होतं ते सांगते. मी कंत्राटी. दर अकरा महिन्यांनी मला एक दिवस नोकरीवरून काढतात आणि दुसऱ्या दिवशी परत घेतात. माझ्याबरोबरची अर्धी माणसं बँकांच्या परीक्षा देऊन सुटली, उरलेली परदेशात जाऊन तिथे कंत्राटी झाली. नऊ वर्षांनी आमच्या संस्थेत कायम शास्त्रज्ञाची एक जागा निघाली. एकच. वयाची अट अडतीस, आणि मला अडतीस पुरी व्हायला दोन महिने बाकी होते. ही गेली की आयुष्यभर अकरा-अकरा महिन्यांनी जगायचं. कल्याणच्या रेल्वे कारखान्यातून निवृत्त झालेले माझे बाबा रोज सकाळी चहा घेताना विचारायचे, "पत्र आलं का गं?" ते आणखी किती सकाळी विचारतील, याची मला भीती वाटायला लागली होती.

त्या जागेसाठी माझ्याकडे एकच भांडवल होतं, ते म्हणजे बाळकुमच्या खाजणावरचा माझा शोधनिबंध. खाजण वर्षभरात जेवढा कार्बन सोडतं त्याच्या दुप्पट आत घेतं, असं मी त्यात दाखवलं होतं. मनोरा एकटा विश्वासाचा नाही, म्हणून दर महिन्याला मी स्वतः होडीतून जायचे, पाण्यावर तरंगणारा एक पारदर्शक डबा ठेवायचे आणि आतली हवा कशी बदलते ते हाताने मोजायचे. माझा डबा आणि माझं मॉडेल यांचा मेळ इतका झकास बसला होता की परदेशातल्या एका म्हाताऱ्या प्राध्यापकाने पत्र लिहून कौतुक केलं.

एकच कटकट होती. महिन्यातून दोनदा, तीन-चार दिवस, मनोऱ्याला झटका यायचा. खाजण भसाभसा कार्बन सोडतंय असं तो सांगायचा. माझ्या डब्याला सहा वर्षांत असं एकदाही दिसलं नव्हतं. हाताने मोजलेलं खरं की बगळे शिटतात त्या यंत्राचं खरं? मी पाच ओळींचा एक नियम लिहिला. असे दिवस आले की 'यंत्राचा दोष' म्हणून आपोआप गाळायचे आणि मॉडेलने भरून काढायचे. त्या पाच ओळींचा मला अभिमान होता.

खाजणावर एक म्हातारा असायचा, शिवराम. बांधावरच्या पत्र्याच्या शेडपाशी लंगोटीवजा रुमाल नेसून बसलेला असायचा, आगरी बोलायचा आणि आमची होडी बांधून ठेवायचा. मी त्याला पहारेकरीच समजत होते. दिवाळीला संस्थेतल्या शिपायांसाठी मिठाईचे लहान डबे यायचे, त्यातला एक मी त्याला द्यायचे, तोही अशा थाटात की जणू आंदण देतेय.

पहिल्याच वर्षी मी त्याला सरळ केला होता. तेव्हा मी नवीन बूट घालून गेले होते आणि ओहोटी असावी, खाजणात पाणीच नव्हतं. होडी चालेना म्हणून चालत निघाले आणि गुडघ्यापर्यंत रुतले. एक बूट आतच राहिला. त्या म्हाताऱ्याने मला हात धरून ओढून काढलं आणि मी आभार मानायचे सोडून त्याच्यावरच तोंड सोडलं. "मी इथे चिखल तुडवायला येत नाही. पुढच्या वेळी मला इथे चिखल दिसता कामा नये. समजलं?" त्याने मान हलवली. त्यानंतर मला तिथे कधी चिखल दिसला नाही. हा किस्सा मी कॅन्टीनमध्ये दोन-तीनदा तरी रंगवून सांगितलाय. या लोकांना एकदा नीट झापलं की कामं होतात, असं मी म्हणायचे.

मुलाखतीला आठ दिवस राहिले होते. त्या गुरुवारी सकाळी मनोऱ्याकडून आकडे यायचे थांबले. नेहमी मी जायच्या दोन दिवस आधी शिवरामला फोन करायचे, "परवा येतेय, होडी तयार ठेवा." त्या दिवशी वेळ नव्हता. ठाण्याला उतरले, रिक्षा केली आणि दहाच्या सुमाराला बांधावर पोचले.

खाजण रिकामं होतं.

टोकापासून टोकापर्यंत काळाशार चिखल पसरला होता, आणि मनोऱ्याचे चारही पाय उघडे पडले होते. चिखलात वीस-पंचवीस माणसं जाळी, टोपल्या घेऊन फिरत होती. बायका चिंबोऱ्या धरून त्यांच्या नांग्या बांधत होत्या. बगळ्यांची तर जत्रा भरली होती. मला वाटलं, बांध फुटला. मी वैतागले, तेही खाजणासाठी नाही, मुलाखतीच्या तोंडावर हे काय झेंगट म्हणून.

शिवरामने मला बघितलं आणि त्याचा चेहरा एखाद्याच्या घरी अचानक व्याही टपकावेत तसा झाला.

"अवं मॅडम! फोन नाय केलाव तो?" तो धावतच आला. "थांबा, उघाडी उघरतो. दुपारच्या भरतीला पानी घेतो."

उघाडी म्हणजे बांधाच्या पोटातला लाकडी दरवाजा. तो मी सहा वर्षं बघत होते आणि तो जुना, मोडका, निकामी आहे असं धरून चालले होते.

"बांध कधी फुटला?" मी विचारलं.

"बांध कशाला फुटंल? बापजाद्यांनी घातलेला बांध हाय." तो दुखावला. "खाजन काढलाय. उधानाची वोहोट खोल जाते ना, तवा उघाडी उघरून सगला पानी सोराचा. मासली घ्याची, चार दिस चिखल सुकवाचा, मंग नवा पानी."

"असं कधी कधी करता?"

"म्हैन्यातना दोनदा. अमावस्या न पुनव. पाली असते गावाची."

महिन्यातून दोनदा. तीन-चार दिवस. माझ्या पाच ओळी गाळायच्या तेच दिवस.

"मग मला परत कधीच कसं दिसलं नाही? मी दर महिन्याला येते!"

यावर त्याच्या मागे टोपली घेऊन बसलेली बाई हसली. ती त्याची बायको, जाईबाई. नाकात मोठी नथ, पदर खोचलेला, हातात जिवंत चिंबोरी.

"तुमचा फोन आला का यो मानूस उघाडीवर जाऊन बसतो," ती म्हणाली. "गावाची पाली पुढं ढकलतो. दोन दिस कोनाला हात लावू देत नाय. गाववाले सिव्या देतान, त्या बी खातो. मी बोल्ले, कोन लागून गेल्यान त्या मॅडम? तर बोलतो, त्यांना चिखल नाय चालत."

"तुमीच बोललेलाव ना," शिवराम ओशाळून म्हणाला. "चिखल दिसता कामा नाय. तवापासना मी एकदा बी दिसू नाय दिला. पावन्याला असा उघरा-नागरा खाजन दाखवाचा बरा बी नाय."

"अहो, पण सहा वर्षांत एकदा तरी सांगायचं!"

"तुमी इचारलाव कवा?"

तो उलटून बोलत नव्हता, खरंच आठवून बघत होता. मी त्याला होडी कुठेय, दोरी कुठेय, चहा मिळेल का, हे विचारलं होतं. खाजणाबद्दल काही विचारल्याचं मलाही आठवेना.

तेवढ्यात मागच्या कॉम्प्लेक्सच्या गेटमधून बिल्डरचा एक माणूस कागद घेऊन आला आणि कमरेत वाकून म्हणाला, "शेठ, सही." शिवरामने रुमालाला हात पुसून सही केली. ती चोवीस मजल्यांची कॉम्प्लेक्सं त्याच्या भातशेतीवर उभी होती, आणि चौदाव्या मजल्यावर त्याचे दोन फ्लॅट होते. तिथे वारा फार लागतो आणि करमत नाही म्हणून तो बांधावर येऊन बसायचा. माझे मिठाईचे लहान डबे जाईबाई गावदेवीपुढे ठेवायची. "शिक्लेल्या बाईनं दिलाय," असं देवीला सांगायची म्हणे.

मी बूट काढले, पायजमा वर केला आणि चिखलात उतरून मनोऱ्याची बॅटरी बदलली. शेडमध्ये ठेवलेला मोजणीचा डबा पाण्यावर तरंगवायचा असतो, तो चिखलात दाबला. पाण्यावर सुटणाऱ्या कार्बनचा माझा आकडा दोनच्या आसपास यायचा. त्या दिवशी अकरा आला. जागा बदलली. बारा आला. तिसऱ्या जागी पुन्हा अकरा. पाण्याखाली कोंडलेला सगळा कुजका माल हवा लागताच श्वास सोडत होता आणि मनोरा बिचारा सहा वर्षं खरं बोलत होता. खाजणातलं पाणी छापील कोष्टकाप्रमाणे चढत-उतरत नव्हतं, शिवरामच्या उघाडीप्रमाणे चढत-उतरत होतं. आणि शिवरामची उघाडी माझ्या फोनप्रमाणे.

दोन दिवसांत घरी बसून मी त्या पाच ओळी काढून टाकल्या आणि गाळलेले दिवस परत घातले. दुप्पट आत घेणारं माझं खाजण वर्षाअखेरीस घेण्यापेक्षा थोडं जास्तच सोडत होतं. चार वेळा करून बघितलं. शोधनिबंध सपशेल चूक होता. आकड्यांची अशी तशी चूक नव्हे, बेरजेच्या जागी वजाबाकी.

विनीत सरांकडे गेले. त्यांनी ऐकून घेतलं आणि त्यांचा चेहरा चक्क उजळला.

"अगं, हे तर सोनं आहे! मानवी व्यवस्थापनाचा परिणाम! याचा दुसरा पेपर होतो."

"सर, पहिला चुकीचा आहे. मागे घ्यावा लागेल."

"मुलाखतीनंतर बघू." त्यांनी घड्याळ बघितलं. "आणि त्या म्हाताऱ्याचे आभार मान हो शेवटी, छान दिसतं ते."

मला त्यांची किळस आली. आपण यांच्यासारखं व्हायचं नाही, एवढं तरी आपल्या हातात आहे, असं मनाशी म्हणत मी सादरीकरणात तेविसावं पान घातलं. त्यावर दोन आलेख शेजारी-शेजारी होते, जुना आणि खरा. खाली एक ओळ होती: 'माझा प्रकाशित निष्कर्ष चुकीचा आहे.' आईला दाखवलं. आईला आलेख कळले नाहीत, ओळ कळली. "हे बोललीस तर देतील नोकरी?" तिने विचारलं. मी म्हटलं, "शास्त्र आहे आई, भाजीबाजार नाही." असली वाक्यं मला फार छान जमतात.

मुलाखतीला समोर पाच जण होते. एकाच्या पुढ्यात सँडविच होतं आणि त्याचं सगळं लक्ष त्यातली काकडी निसटू नये याकडे होतं. दुसऱ्याने विचारलं, लेडीज असून फील्डला एकट्या जाता? तिसऱ्याला माझे निबंध किती एवढंच हवं होतं, कशावर ते नको होतं. चौथे विनीत सरांचे जुने मित्र, ते डोळे मिटून ऐकत होते किंवा नुसतेच मिटून होते. मी मनातल्या मनात एकेकाला सोलत पुढे गेले. एकोणिसाव्या पानावर घंटी वाजली.

"वेळ संपली," अध्यक्षबाई म्हणाल्या. पाचव्या त्या. पांढरे केस, साधी सुती साडी. चष्म्यातून त्या सुरुवातीपासून माझ्याकडे नीट बघत होत्या, एवढ्या पाच जणांत त्या एकट्याच. "पण तुमची आणखी पानं दिसतायत. दोन मिनिटं घ्या. काही महत्त्वाचं सांगायचं राहिलंय का?"

बोट बटणावर होतं. चार पानं पुढे जायचं होतं. सँडविचवाल्याने मान वर केली. मला बाबांचा चहाचा कप दिसला.

"नाही मॅडम," मी म्हटलं. "बाकी सगळं निबंधात आहे."

"नक्की?"

"नक्की."

त्यांनी हसून कागदावर काहीतरी लिहिलं. शिवरामला सहा वर्षांत कोणी विचारलं नव्हतं. मला दोनदा विचारलं.

पत्र तीन आठवड्यांनी आलं. बाबांनी ते शेजाऱ्यांना वाचून दाखवलं, मग परत आणून स्वतः वाचलं. सोसायटीने माझा नारळ देऊन सत्कार केला. विनीत सर कानाशी येऊन म्हणाले, "त्या दुसऱ्या पेपरची घाई नाही आता," आणि मी मान डोलावली. किळसबिळस काही आली नाही.

पुढच्या महिन्यात मोजणीचा दिवस आला. पेढे घेतले, या वेळी मोठा डबा. फोन मुद्दामच केला नाही. चिखल असेल तर चिखल मोजायचा, गुपचूप आकडे जमवत राहायचं, कधीतरी पुढे-मागे सगळं दुरुस्त करायचं, असं मी ठरवलं होतं. पण होडीच्या डागडुजीसाठी ऑफिसातून कोणीतरी शिवरामला फोन केला होता, आणि बोलता बोलता मी येणार हेही सांगितलं होतं.

बांधावर पोचले तर खाजण काठोकाठ भरलेलं. पाण्यात इटलीच्या गावांची चोवीस मजली प्रतिबिंबं पडलेली. आदल्या दिवशी पुनव होती. बांधावर गावची माणसं रिकाम्या टोपल्या घेऊन बसली होती आणि माझ्याकडे बघत होती. जाईबाईने पेढ्यांचा डबा घेतला, कपाळाला लावला, पण हसली नाही.

शिवराम होडी घेऊन पुढे आला. आज त्याने धुतलेला सदरा घातला होता.

"ऐकला मी, मॅडम पक्क्या जाल्याव! मोठ्या सायेब!" त्याला खरोखर आनंद झाला होता. "मागल्या वख्ताला तुमी चिखलात उतरलाव, मना झोप नाय आली. आता नाय उतराचा. सगला गाव थांबवलाय बगा तुमच्यासाठी."

उघाडी उघडा, एवढेच दोन शब्द बोलायचे होते. गावाला मासळी मिळाली असती, मला खरा आकडा मिळाला असता, आणि तो खरा आकडा घेऊन मला कुठेतरी जावं लागलं असतं.

मी त्याचा हात धरून होडीत बसले. बूट कोरडेच राहिले. खाजणाच्या मधोमध जाऊन डबा पाण्यावर ठेवला आणि पाच मिनिटं वाट बघितली.

दोन आला. मी तारीख घालून लिहून घेतला.